अ‍ॅनी दर शुक्रवारी कोणाची वाट पाहते?

वाचकांचे प्रश्न

मागील अंकात मुलांसमवेत पाहण्याजोग्या संगीतपटांविषयी लिहिताना २०१४ साली आलेल्या ‘अ‍ॅनी’ या अमेरिकी चित्रपटाचा केवळ एका वाक्यात उल्लेख आला होता. त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली, तितकी उरलेल्या लेखावरही आली नाहीत. त्यांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

आपण अ‍ॅनीला ‘अनाथ मुलगी’ म्हटले होते. परंतु चित्रपटात ती स्वतः हा शब्द नाकारते. मग आपला शब्द चुकला का? — एक निवृत्त शिक्षिका, सांगली

होय, चुकला, आणि आपण तो दाखवून दिलात याबद्दल मी आपली ऋणी आहे. ही चूक केवळ शब्दाची नाही. या चित्रपटाने जुन्या कथेत जो सर्वांत मोठा बदल केला, तोच माझ्या त्या एका शब्दाने पुसला गेला.

अनाथ म्हणजे ज्याचे आईवडील हयात नाहीत, असे आपण सर्वसाधारणपणे समजतो. अ‍ॅनीचे आईवडील मात्र कोठेतरी असावेत, निदान तिचा तसा विश्वास आहे. चार वर्षांची असताना तिला एका इटालियन उपाहारगृहापाशी सोडून ते निघून गेले. मागे राहिली ती ‘आम्ही परत येऊ’ अशी चिठ्ठी आणि गळ्यातील अर्धे लॉकेट. तेव्हापासून दर शुक्रवारी ती त्या उपाहारगृहासमोर जाऊन बसते. अशा मुलीला अनाथ म्हणणे म्हणजे तिची वाट पाहणे व्यर्थ आहे असे तिला तोंडावर सांगणे होय. म्हणूनच ती आपण ‘फोस्टर’ मूल आहोत असे ठामपणे सांगते. तात्पुरत्या सांभाळासाठी दुसऱ्याच्या घरी ठेवलेले मूल, असा त्याचा अर्थ.

अमेरिकेत या व्यवस्थेला एक इतिहास आहे. १८५४ पासून १९२९ पर्यंत न्यूयॉर्कसारख्या शहरांतील निराधार मुलांना आगगाडीत बसवून मध्य-पश्चिमेकडील शेतकरी कुटुंबांकडे पाठवले जात असे. चार्ल्स लोरिंग ब्रेस यांच्या ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ने सुरू केलेल्या या प्रथेतून सुमारे दोन लाख मुले घरापासून दूर गेली, असे मानले जाते. काहींना माया मिळाली, काहींच्या वाट्याला केवळ शेतावरचे कष्ट आले. त्यानंतर मोठी अनाथालये हळूहळू बंद होत गेली आणि मुलांना कुटुंबांत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. आज तेथे न्यायालयाच्या आदेशाने मूल राज्याच्या ताब्यात येते, ते एखाद्या परवानाधारक कुटुंबाकडे किंवा नातेवाइकाकडे सोपवले जाते आणि त्या कुटुंबाला मुलाच्या खर्चापोटी ठरावीक रक्कम मिळते. बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात आणि प्रथम प्रयत्न होतो तो मूल त्यांच्याकडेच परत जावे यासाठी. १९९७ च्या एका संघराज्यीय कायद्याने त्याला मुदत घातली : मागील २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल बाहेर राहिले असेल, तर काही अपवाद वगळता जन्मदात्यांचे पालकत्वाचे हक्क संपुष्टात आणण्यासाठी राज्याने अर्ज करावा. चित्रपट आला त्या वर्षी अशी सुमारे चार लाख मुले त्या देशात होती.

हे आकडे ध्यानात घेतले की अ‍ॅनीचा शुक्रवार केवळ भाबडा वाटत नाही. ‘आई परत येणार आहे’ आणि ‘आई आता येणार नाही’ या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत राहणारी ती एक मुलगी आहे, आणि तिच्यासारखी लाखो मुले खरोखरच तेथे राहतात.

ही कथा फार जुनी असल्याचे ऐकले आहे. मूळ कथा कोणती आणि नव्यात नेमके काय बदलले? — महाविद्यालयीन विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

कथेची सुरुवात वृत्तपत्रातून झाली. ५ ऑगस्ट १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये हॅरल्ड ग्रे या चित्रकाराची ‘लिटल ऑर्फन अ‍ॅनी’ ही चित्रमालिका सुरू झाली. लाल कुरळे केस आणि बुबुळे नसलेले गोल पांढरे डोळे ही त्या मुलीची ओळख होती. नाव आले ते जेम्स व्हिटकम रायली या कवीच्या १८८५ मधील कवितेवरून. ही मालिका २०१० पर्यंत चालली, म्हणजे तिने ८५ वर्षे ओलांडली.

यातील एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. ग्रे हे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे कट्टर विरोधक होते. मंदीच्या काळात सरकारने गोरगरिबांना हात द्यावा हे त्यांना मान्यच नव्हते. माणसाने स्वतःच्या हिमतीवर उभे राहावे, हा त्यांच्या मालिकेचा सूर होता. अ‍ॅनीचा आश्रयदाता धनाढ्य वॉरबक्स याला त्यांनी १९४४ मध्ये मालिकेत मारून टाकले आणि रूझवेल्ट यांच्या निधनानंतर १९४५ मध्ये पुन्हा जिवंत केले. पुढे २१ एप्रिल १९७७ रोजी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, या मालिकेवरचे संगीत नाटक आले. संगीत चार्ल्स स्ट्राउस यांचे, गीते मार्टिन चार्निन यांची आणि संहिता टॉमस मीहान यांची होती. या तिघांनी ग्रे यांचा सूर सरळ उलटा केला. कथा १९३३ च्या मंदीत नेली, वॉरबक्सची रूझवेल्ट यांच्याशी ओळख घडवली आणि उद्याची आशा सांगणारे ‘टुमॉरो’ हे गाणे राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळाला ऐकवले. त्या आशेतूनच गरिबांसाठीच्या सरकारी कार्यक्रमाची कल्पना सुचते, असे नाटक सांगते. या नाटकाचे सलग २,३७७ प्रयोग झाले आणि त्याला सर्वोत्कृष्ट संगीत नाटकासह सात टोनी, म्हणजे अमेरिकी रंगभूमीचे मानाचे, पुरस्कार मिळाले. १९८२ मध्ये जॉन ह्यूस्टन यांनी त्यावर चित्रपट केला आणि १९९९ मध्ये दूरचित्रवाणीसाठी रॉब मार्शल यांनी.

२०१४ च्या चित्रपटाचे दिग्दर्शक विल ग्लक यांनी कथा आजच्या न्यूयॉर्कमध्ये आणली. अनाथालयाच्या जागी हार्लेममधील एक कोंदट सदनिका आली आणि तिच्यात पाच मुलींना पैशासाठी सांभाळणारी मिस हॅनिगन आली. ही भूमिका कॅमेरॉन डियाझ यांची. कारखानदार वॉरबक्सच्या जागी मोबाइल कंपनीचा मालक विल स्टॅक्स आला. जेमी फॉक्स यांनी रंगवलेल्या या गृहस्थाला न्यूयॉर्कचा महापौर व्हायचे आहे. एकदा तो अ‍ॅनीला गाडीखाली येण्यापासून वाचवतो, त्याची चित्रफीत सर्वत्र पसरते आणि मतांसाठी म्हणून तो या मुलीला आपल्या घरी आणतो. अ‍ॅनीचे काम क्वेव्हेंझाने वॉलिस या मुलीने केले आहे. त्यापूर्वीच, वयाच्या नवव्या वर्षी, तिला प्रमुख अभिनेत्रीसाठीचे ऑस्कर नामांकन मिळाले होते. त्या गटात इतक्या लहान वयात नामांकन मिळालेले दुसरे कोणी नाही.

चित्रपट उघडतो तो वर्गात. प्रथम एक लाल केसांची अ‍ॅनी नावाचीच मुलगी उभी राहून निबंध वाचते. ती बसली की शिक्षिका दुसऱ्या अ‍ॅनीला बोलावते, आणि ही कृष्णवर्णीय मुलगी सबंध वर्गाला पाय आपटायला आणि टाळ्या वाजवायला लावून रूझवेल्ट यांच्या काळाची गोष्ट सांगते. जुन्या अ‍ॅनीला मान देऊन नवी अ‍ॅनी पुढे येते ती अशी. ज्या राजकारण्याचा ग्रे यांना इतका राग होता, त्याचेच नाव त्यांच्या मानसकन्येच्या तोंडी नव्वद वर्षांनी सर्वांत आधी यावे, हे पाहून मला खरोखर आनंद झाला.

अ‍ॅनी सतत हसतमुख आणि आशावादी असते. ‘सारे काही चांगले होईल’ असे मुलांना शिकवणे ही फसवणूक नव्हे का? मी स्वतः बालगृहात काम करते. आमच्याकडची मुले अशी नसतात. — एक अधीक्षिका, विदर्भ

आपला प्रश्न मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो आणि आपला अनुभव माझ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. तरीही चित्रपटाकडे थोडे बारकाईने पाहण्याची विनंती करते.

उद्याविषयीचे ते प्रसिद्ध गाणे या चित्रपटात केव्हा येते, हे पाहावे. आपल्या आईवडिलांविषयी काही नोंद सापडेल या आशेने अ‍ॅनी सरकारी कार्यालयात जाते. तिच्या हाती जे कागद पडतात त्यांत काहीच नसते. ती बाहेर पडते, रस्त्याने चालू लागते आणि तेव्हा हे गाणे सुरू होते. त्या क्षणी तिच्यापाशी आनंदाचे एकही कारण नाही. पुढील शुक्रवारपर्यंतचे सहा दिवस काढायचे आहेत, आणि ते काढण्यासाठी तिच्याजवळ एवढे एकच साधन आहे. ज्या उपाहारगृहासमोर ती बसते, त्याचे नाव ‘डोमानी’ आहे; इटालियन भाषेत त्याचा अर्थ ‘उद्या’ असाच होतो. तिची आशा तिच्या स्वभावातून आपसूक वाहत येत नाही. ती दर आठवड्याला उठते, चालत जाते आणि बसून राहते. हा एक नेम आहे, आणि नेम पाळायला बळ लागते.

दुसरे असे की या हसण्याखाली काय दडले आहे, ते चित्रपट लपवत नाही. गुगेनहाइम संग्रहालयातील समारंभात अ‍ॅनी मनापासून गाते, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि मग तिला समोरच्या पडद्यावरील मजकूर वाचून दाखवायला सांगितले जाते. ती गप्प होते आणि पळून जाते. तिला वाचताच येत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना तिचे शिक्षण कोठे निसटले ते कोणाच्या लक्षातच आले नाही, कारण ती हुशार होती, गोड बोलत होती आणि कोणाला त्रास देत नव्हती. या प्रसंगानंतर पहिले दृश्य आठवावे : वर्गात तिने निबंध वाचला नव्हता, सर्वांना पाय आपटायला लावले होते. त्या वेळी ज्याला आपण तिचा उत्साह समजलो, ते तिचे न वाचता येणे झाकण्याचे कौशल्यही होते. संपूर्ण चित्रपटात याहून खरे असे काही मला सापडले नाही. आपल्या बालगृहातही एखादे फार समजूतदार, फार हसरे मूल असेल, तर हा प्रसंग पाहताना त्याची आठवण आपल्याला येईल, असे मला वाटते.

मात्र आपल्या आक्षेपातील एक भाग मी पूर्णपणे मान्य करते. अ‍ॅनीचे प्रश्न शेवटी सुटतात ते एका अब्जाधीशामुळे. तिच्याबरोबर राहणाऱ्या चार मुलींनाही घर हवे आहे; चित्रपट त्यांना गाणी देतो, नवे कपडे देतो, पण घर मिळते ते एकटीला. शेवटी स्टॅक्स साक्षरता केंद्र उघडतो हे बरे वाटते. तथापि त्या चौघींचे पुढे काय झाले, हा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

आम्ही आमची मुलगी दत्तक घेतली आहे. ती आता आठ वर्षांची आहे आणि तिला हे ठाऊक आहे. तिला हा चित्रपट दाखवावा का? — एक आई, पुणे

दाखवावा, परंतु आधी आपण दोघांनी तो पाहावा आणि नंतर तिच्याजवळ बसून पाहावा. अमेरिकेत त्याला पालकांनी लक्ष ठेवावे अशा स्वरूपाचे ‘पीजी’ प्रमाणपत्र मिळाले आहे, ते किरकोळ असभ्य बोलण्यामुळे आणि विनोदामुळे. आपल्या मुलीच्या दृष्टीने जपण्याची जागा मात्र वेगळी आहे.

चित्रपटाच्या उत्तरार्धात प्रचाराचा सल्लागार आणि मिस हॅनिगन मिळून एका जोडप्याला अ‍ॅनीचे जन्मदाते म्हणून उभे करतात. ते लॉकेट दाखवतात, अ‍ॅनीला मिठी मारतात, आणि स्टॅक्स जड अंतःकरणाने तिला त्यांच्या गाडीत बसवतो. गाडी सुटल्यावर काही वेळाने तिला कळते की हे आपले कोणी नाहीत. मोठ्यांना हा नेहमीचा चित्रपटी पेच वाटेल; दत्तक मुलाला मात्र येथे एकाच वेळी दोन भये भेटतात. एक, ‘माझे खरे आईबाबा येऊन मला घेऊन जातील का’ हे, आणि दुसरे, ‘ते आले तर हे आईबाबा मला जाऊ देतील का’ हे. पहिल्यापेक्षा दुसरे अधिक खोल असते. स्टॅक्स तिच्या भल्यासाठीच तिला जाऊ देतो, हे आठ वर्षांच्या मुलीला उमगेलच असे नाही. तिला इतकेच दिसेल की त्याने तिला दिले.

म्हणून त्या प्रसंगाला चित्रपट थांबवण्याची तयारी ठेवावी आणि तिने विचारले तर उत्तर साधे, खरे आणि लगेच द्यावे. दत्तकविधान कायद्याने पूर्ण झाले की मूल त्या कुटुंबाचे कायमचे होते. कोणी लॉकेट घेऊन आले म्हणून ते बदलत नाही. अ‍ॅनी स्टॅक्सच्या घरी तात्पुरती राहत होती आणि आपली मुलगी तात्पुरती नाही, हा भेद तिला तिच्या शब्दांत सांगावा. तिने काहीच विचारले नाही, तर त्या रात्री खोदून विचारू नये; मुले असे प्रश्न पुष्कळदा दोन-तीन दिवसांनी, केस विंचरताना किंवा शाळेच्या वाटेवर विचारतात.

आणखी एक. ‘खरी आई’, ‘खरे बाबा’ हे शब्द पाहुण्यांच्या तोंडून सहज येतात. चित्रपट पाहताना घरात आजी-आजोबा किंवा शेजारी असतील, तर ‘जन्मदाते’ हा शब्द वापरण्याची त्यांना आधीच विनंती करावी.

गाणी नवी आहेत की जुनीच? — एक संगीतप्रेमी, मडगाव

दोन्ही आहेत. नाटकातील प्रमुख गाणी नव्या ठेक्यांवर बांधली आहेत; सिया आणि ग्रेग कर्स्टिन यांनी काही गाणी नव्याने रचली आहेत. समारंभात अ‍ॅनी गाते ते ‘ऑपॉर्च्युनिटी’ त्यांपैकीच असून त्याला गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले. मुली झाडू-बादल्या घेऊन घर आवरताना जे कष्टांचे गाणे म्हणतात, त्याचा प्रवास जाणण्यासारखा आहे. १९९८ मध्ये रॅप गायक जे-झी यांनी नाटकातील त्या गाण्याचा तुकडा उचलून ब्रुकलिनच्या गरीब वस्तीतील आपल्या बालपणाचे गाणे रचले आणि ते जगभर गाजले. पुढे तेच या चित्रपटाचे एक निर्माते झाले. मुलांचे आवाज यंत्राने फार गुळगुळीत केले आहेत, ही समीक्षकांची तक्रार मलाही पटते. वॉलिसचा आवाज किंचित कापरा राहिला असता तर तो अधिक जवळचा वाटला असता.

समीक्षकांनी या चित्रपटाला नावे ठेवली, तरी तो चालला कसा? — एक वाचक, नाशिक

सुमारे साडेसहा कोटी डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात तेरा कोटींहून अधिक डॉलर मिळवले. १९ डिसेंबर २०१४ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला, म्हणजे नाताळच्या सुट्टीत. त्याआधीच सोनी कंपनीच्या संगणकांवरील हल्ल्यात त्याची प्रत चोरीला जाऊन महाजालावर पसरली होती, तरीही लोक मुलांना घेऊन चित्रपटगृहांत गेले. समीक्षकांचा राग बराचसा जुन्या नाटकावरील प्रेमातून आला होता, असे माझे मत आहे. ज्या मुलांनी नाटक पाहिलेच नव्हते, त्यांच्यासमोर तुलनेचा प्रश्न नव्हता. आणि आपल्यासारखी दिसणारी अ‍ॅनी पडद्यावर प्रथमच पाहणाऱ्या मुलींच्या आनंदाची नोंद परीक्षणांत क्वचितच झाली. मिस हॅनिगनच्या बाबतीत मात्र माझी तक्रार समीक्षकांहून वेगळी आहे. चित्रपटात मुलांचा तात्पुरता सांभाळ करणारी ती एकमेव स्त्री, आणि तीच पैशाची लोभी. ती अखेरीस पश्चात्ताप पावते हे खरे. पण परक्या मुलाच्या उशाशी रात्र जागवणारी एकही बाई पडद्यावर दिसत नाही, हा अशा असंख्य कुटुंबांवर अन्याय आहे.

चित्रपट पाहिल्यापासून आम्हा दोघांच्या मनात येते की आपणही एखाद्या मुलाचा असा सांभाळ करावा. महाराष्ट्रात तशी सोय आहे का? — एक दांपत्य, कोल्हापूर

आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ यात प्रतिपालकत्वाची, म्हणजेच फोस्टर केअरची, तरतूद कलम ४४ मध्ये केली आहे. केंद्र शासनाने २०१६ मध्ये त्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२४ मध्ये त्या सुधारल्या. पूर्वी केवळ विवाहित दांपत्यांनाच अर्ज करता येत असे. आता ३५ ते ६० वर्षे वयाच्या एकट्या व्यक्तीलाही करता येतो. प्रामुख्याने बालगृहांत राहणारी, सहा वर्षांवरील मुले यासाठी विचारात घेतली जातात. मूल दोन वर्षे त्या कुटुंबात राहिल्यावर, ते कायद्याने दत्तकासाठी मुक्त असेल तर, त्याच कुटुंबाला त्याला दत्तक घेता येते. पूर्वी हा काळ पाच वर्षांचा होता.

याशिवाय महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले आहे. ज्यांचे आईवडील नाहीत, एकच पालक आहे किंवा पालक गंभीर आजारी आहेत, अशा अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना संस्थेत न पाठवता कुटुंबातच वाढवता यावे, हा तिचा हेतू असून त्यासाठी दरमहा २,२५० रुपये दिले जातात. व्यवहारात तिचा लाभ अधिकतर स्वतःच्या आईपाशी किंवा आजी-आजोबांपाशी राहणाऱ्या मुलांना होतो. परक्या मुलाचा सांभाळ करू इच्छिणाऱ्या आपल्यासारख्या दांपत्यासाठी पहिला मार्ग अधिक योग्य आहे.

आपल्या जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयातील जिल्हा बाल संरक्षण कक्षात प्रथम चौकशी करावी. तेथील कर्मचारी आपल्या घरी येऊन पाहणी करतील, उत्पन्न, आरोग्य, घरातील इतर माणसांची संमती यांविषयी विचारतील आणि त्यानंतर प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जाईल. अंतिम आदेश समितीचा असतो. हा सांभाळ मुळात ठरावीक काळापुरता असतो आणि मुलाच्या जन्मदात्यांची परिस्थिती सुधारली तर ते परत जाऊ शकते, हे आपण दोघांनी अर्ज करण्यापूर्वीच एकमेकांशी मोकळेपणाने बोलून घ्यावे. समितीपुढे मुलालाही आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार असतो. त्यामुळे पहिल्या भेटीला जाताना आपल्या घराविषयी त्याला काय सांगायचे याची तयारी करावी, आणि त्याहूनही अधिक वेळ त्याचे प्रश्न ऐकण्यासाठी राखून ठेवावा.